खोटं आहे हे माहीत असूनही: कथा लिहिण्या-वाचण्यातले काही पेच

निळी_शाई

एक कथा लिहून झाली, ती वाचलेल्यांशी बोलणं झालं आणि त्यानंतर काही प्रश्न पाठ सोडेनात. इथे लिहिणारे आहेत, निव्वळ वाचणारे आहेत, साहित्यशास्त्र मुळातून वाचलेलेही आहेत, म्हणून हा धागा.

आधी वाचकाच्या बाजूचा पेच. कुणीतरी तुम्हाला आपल्या बहिणीवर ओढवलेला भयंकर प्रसंग सांगतो. ऐकताना पोटात तुटतं. मग तो म्हणतो, मला बहीणच नाही, मी हे रचून सांगितलं. त्या क्षणी कळवळा ओसरतो, वर त्याचा राग येतो. हे उदाहरण कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाच्या १९७५ सालच्या निबंधातलं आहे. आता कादंबरी घ्या. मुखपृष्ठावरच 'कादंबरी' असं छापलेलं असतं. म्हणजे 'मला बहीणच नाही' हे आधीच सांगून झालेलं आहे, आणि तरी दोनशेव्या पानावर डोळे भरून येतात. रॅडफर्डच्या मते इथे आपण विसंगत वागतो: भावना खरी, पण तिला आधार देणारा विश्वासच नाही. मला हे पटत नाही. आधी सांगणं आणि नंतर सांगणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नंतर सांगणारा मला फसवतो. आधी सांगणारा मला मोकळं करतो: इथे तुला धावत जाऊन कुणाला वाचवायचं नाही, तपास करायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, तेव्हा आता नीट बघ. खोटं असल्याची जाणीव भावनेच्या आड येत नाही, उलट तिच्यामुळेच इतक्या जवळून बघायचं धाडस होतं, असं माझं मत आहे.

लिहिणाऱ्याच्या बाजूचा पेच याहून अवघड वाटतो. माझ्या कथेत एक तरुण अपघातानंतर बेशुद्ध आहे. मोठी बहीण दर रविवारी दवाखान्यात येऊन त्याची नखं कापते, कारण बाकी सगळं थांबलं तरी नखं वाढतातच. शेवटी ती नखं कापत असतानाच तो जातो. पहिल्या खर्ड्यात होतं: "तिच्या काळजाचे तुकडे झाले. आता तिचं या जगात कुणी उरलं नव्हतं." लिहिताना मी रडत होते. काही दिवसांनी वाचलं तर त्या दोन वाक्यांत मीच भरून राहिले होते, ती कुठे दिसेना. ती काढून टाकली आणि लिहिलं: "नर्सने यंत्र बंद केलं. डाव्या हाताची तीन नखं राहिली होती." हे लिहिताना मला काहीच वाटलं नाही. यंत्र आधी येऊ दे की नखं, 'राहिली' की 'राहिली होती', यातच सगळं लक्ष होतं. आणि वाचणाऱ्यांना रडू आलं ते याच ओळीला. म्हणजे दुःख पोचवायचं तर पोचवणाऱ्याने त्यातून उठून बाजूला बसायचं. पण ज्याला ते दुःख कधी शिवलंच नाही त्याला 'तीन नखं' सुचतील का? मला नाही वाटत.

आणखी एक. एका वाचक बाईंनी विचारलं, "उरलेली तीन नखं तिने नंतर कापली का?" दुसऱ्या एकाने परस्पर सांगून टाकलं की कापलीच असणार, ती बहीण काम अर्धवट सोडणाऱ्यातली नाही. मला उत्तर देता येईना. खऱ्या बाईने एकतर कापली असती किंवा नसती. हिच्या बाबतीत दोन्ही नाही. कथेत ते नाही, म्हणजे ते कुठेच नाही. मी आज 'कापली' म्हटलं तर ते खरं होईल का? की माझं मतही त्या वाचकाच्या मताइतकंच?

तुम्हाला काय वाटतं? लिहिणाऱ्यांचं आणि वाचणाऱ्यांचं, दोन्ही ऐकायचं आहे.

---

पानगळ

वाचते आहे. 'तीन नखं' वाचून इथेच घशात आवंढा आला, कथा न वाचताच. तेव्हा पहिल्या पेचाचं प्रात्यक्षिक झालंच म्हणायचं.

---

मीमांसक

फार चांगला विषय. यातला पहिला पेच आपल्याकडे हजारएक वर्षांपूर्वी कसून तपासला गेलाय, म्हणून थोडं विस्ताराने लिहितो.

नाट्यशास्त्राच्या भाष्यकारांपैकी शंकुकाने चित्रातल्या घोड्याचा दृष्टान्त दिला, तोच चित्रतुरगन्याय. चित्रातला घोडा पाहून आपण 'हा घोडा' म्हणतो. तो खरा आहे असं समजून म्हणत नाही, खोटा आहे असं समजूनही नाही. 'असेल किंवा नसेल' अशी शंकाही मनात नसते आणि 'घोड्यासारखं काहीतरी' अशी तुलनाही नसते. या चारही प्रकारांत न बसणारं ते ज्ञान आहे. रंगमंचावरच्या नटाला 'हा राम' म्हणताना आपलं हेच होतं. विश्वास आहे की नाही, एवढ्या दोनच खणांत रॅडफर्ड सगळं बसवू पाहतो, म्हणून त्याला विसंगती दिसते.

त्याच्या नंतरच्या अभिनवगुप्त या भाष्यकाराने शंकुकाचं पुढचं म्हणणं, म्हणजे रस (नाटक-काव्यातून मिळणारा भावनेचा आस्वाद) अनुमानाने कळतो हे, खोडून काढलं आणि तो खोलात गेला. त्याचं उदाहरण शाकुंतलातल्या पहिल्या अंकातलं, दुष्यंताच्या रथापुढे मान वळवून वळवून मागे पाहत पळणाऱ्या हरणाचं. व्यवहारात 'मी भ्यालो', 'शत्रू भ्याला', 'मित्र भ्याला' अशी भीती कुणाची तरी असते आणि तिच्यामागोमाग पळावं, आनंद मानावा, मदत करावी अशा इच्छा येतात. श्लोकातली भीती कुणाच्याच मालकीची नसते, तिला स्थळकाळाचं कुंपण नसतं, म्हणून ती आस्वादता येते. निळी_शाई, 'कुणाला वाचवायचं नाही, तेव्हा नीट बघ' हे तुमचं वाक्य याच्या अगदी जवळचं आहे.

आता तुमच्या खर्ड्याबद्दल. अभिनवगुप्ताने रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली, त्यातलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडणं. त्याने ते प्रेक्षकाबद्दल सांगितलं, पण तुमची पहिली दोन वाक्यं वाचून वाटलं की लिहिणाऱ्यालाही ते तंतोतंत लागू आहे.

मराठीत हा विषय न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या संमेलनातल्या अध्यक्षीय भाषणात 'सविकल्प समाधी' म्हणून मांडला. वाचक पात्राशी एकरूप होतो, तरी आपण आपण आहोत हे भान सुटत नाही, आणि आनंद या दुहेरी अवस्थेचा आहे. शोकांतिका आपण पुन्हा पुन्हा का वाचतो याचं याहून सुटसुटीत उत्तर मला माहीत नाही.

---

काठावरचा

मी या सुरात सूर मिसळू शकत नाही. 'मोकळं करतो' हे वर्णन ऐकायला गोड आहे, पण मला तीच गोष्ट खुपते.

रूसोने १७५८ साली नाटकांविरुद्ध लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात नेमकं हेच म्हटलंय: रंगमंचावरच्या दुःखासाठी अश्रू ढाळले की माणुसकीचं देणं फिटल्यासारखं वाटतं, पदराला खार न लावता. त्याच्या कितीतरी आधी संत ऑगस्टीनने आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं की महाकाव्यातल्या डायडोच्या मरणावर मी रडलो आणि स्वतःच्या आत्म्याच्या दुर्दशेवर मात्र डोळे कोरडे राहिले. ही दोन्ही माणसं कलेला न समजणारी नव्हती. रूसोने स्वतः कादंबरी लिहिली आणि ऑगस्टीनला तरुणपणी नाटकांचं वेड होतं.

मी स्वतः खूप वाचतो. पण कादंबरीतल्या एकाकी म्हाताऱ्यासाठी व्याकूळ होणारा मी आणि ओळखीतल्या एकाकी म्हाताऱ्याचा फोन आला की 'नंतर बोलतो' म्हणणारा मी, हे दोघे एकाच खुर्चीत बसलेले असतात. कथेतला म्हातारा शब्द निवडून बोलतो, वेळेवर गप्प होतो आणि पुस्तक मिटलं की जातो. खरा म्हातारा तेच ते सांगतो. कथा आपल्याला दुःखाची सवय लावते की संपादित दुःखाची?

२०१३ साली किड आणि कास्टानो यांचा एक अभ्यास खूप गाजला होता, की साहित्यिक कथा वाचल्यावर दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचणीत लोक सरस ठरतात. पुढे इतरांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. त्यामुळे 'वाचनाने माणूस चांगला होतो' हे मी तरी गृहीत धरत नाही.

---

निळी_शाई

मीमांसक, मनापासून आभार. हरणाचं उदाहरण मला ठाऊक नव्हतं आणि आता ते डोक्यातून जाणार नाही.

काठावरचा, तुमचा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण तो खरा आहे. फक्त एवढंच म्हणेन की फोन टाळण्याचं खापर कथेवर फोडता येणार नाही. कथा न वाचणारेही फोन टाळतातच. संपादित दुःखाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत आहे, आणि ते लिहिणाऱ्याच्या जबाबदारीत येतं. माझ्या कथेत मी भावाचं आजारपण आठ परिच्छेदांत संपवलं. खऱ्या बहिणीला तो कंटाळा, ते रविवारमागून रविवार, 'आज नाही गेलं तर चालेल का' हा विचार, हे सगळं भोगावं लागतं. तो कंटाळा वाचकाला कंटाळा न आणता कसा दाखवायचा, हाही एक विरोधाभासच, आणि मला तो सोडवता आलेला नाही. त्या 'आज नाही गेलं तर' वर एक प्रसंग लिहायला हवा, असं तुमचा प्रतिसाद वाचून प्रकर्षाने वाटतंय.

जाता जाता, केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाचं उत्तरही नोंदवते, कारण या विषयात ते टाळता येत नाही. १९७८ च्या त्याच्या लेखात चार्ल्स नावाचा प्रेक्षक पडद्यावर अंगावर येणारा हिरवा चिकट लोळ पाहून खुर्ची घट्ट धरतो. वॉल्टन म्हणतो, ही भीती नव्हेच, खेळातली भीती आहे, मुलं लुटुपुटीच्या खेळात भितात तशी. खरी असती तर तो उठून पळाला असता. भयपटाबाबत हे पटतं. पण कथा वाचून जे वाईट वाटतं त्यात पळण्यासारखं काही नसतंच. इतिहासातल्या माणसाबद्दल वाचून वाईट वाटलं तरी आपण काहीच करू शकत नाही, म्हणून त्या दुःखाला कुणी लुटुपुटीचं म्हणत नाही.

---

रानवाट

मी कादंबऱ्या लिहिते, म्हणून लिहिणाऱ्याच्या बाजूने.

पात्रं स्वतःच्या मनाने वागायला लागतात, असं सगळेच लेखक म्हणतात आणि ऐकणाऱ्यांना ती मिरवण्याची तऱ्हा वाटते. मार्जरी टेलर या मानसशास्त्रज्ञ बाई मुलांच्या काल्पनिक सवंगड्यांवर काम करतात. २००३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ५० कथालेखकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९२ टक्के लेखकांनी असा काही ना काही अनुभव सांगितला. त्यांचा एक अंदाज असा की सरावाने कल्पना करणं इतकं अंगवळणी पडतं की ते आपण करतोय हेच जाणवेनासं होतं, आणि मग ते बाहेरून आल्यासारखं वाटतं.

माझा अनुभव याला धरून आहे, पण तो अर्धाच. पात्र ऐकेनासं होतं ते बहुतेक वेळा मी त्याच्याकडून कथानकाचं ओझं वाहून घेत असते तेव्हा. एका कादंबरीत मला नायकाच्या आईने घर सोडायला हवं होतं, कारण पुढचं प्रकरण रिकाम्या घरात घडायचं होतं. ती हलेना. काहीही लिहा, भांडण लावा, आजारी पाडा, ती उंबऱ्याशी येऊन परत आत जायची. शेवटी घर रिकामं करायचा नाद सोडला आणि पुढचं प्रकरण ती आत असतानाच घडवलं. ते त्या कादंबरीतलं सर्वांत बरं प्रकरण ठरलं. आता, तिला मीच घडवलं. तिचा नकारही माझ्याच डोक्यातला. तरी मला तो माझा वाटत नव्हता, आणि तो मानला नसता तर पान खोटं पडलं असतं. पात्रावर माझी पूर्ण सत्ता आहे, पण ती वापरली की पात्र मरतं.

म्हणून निळी_शाई, नखांबद्दल माझं उत्तर सांगते. तुम्ही पुन्हा बसून तो प्रसंग लिहिलात आणि तो टिकला तर तिने नखं कापली. इथे प्रतिसादात नुसतं 'कापली' म्हणालात तर नाही. लेखकाचा अधिकार पानावरच चालतो.

---

तळटीप

रानवाट यांना अनुमोदन. यात भर: विमसॅट आणि बिअर्ड्स्ली या अभ्यासकांनी १९४६ सालीच म्हटलं होतं की लेखकाचा हेतू हा अर्थ ठरवायचा निकष नव्हे. पण नखांचा प्रश्न अर्थाचा नाही, तथ्याचा आहे. शेरलॉक होम्सच्या कथांमध्ये डॉक्टर वॉटसनला युद्धात लागलेली गोळी एकदा खांद्यात आहे, एकदा पायात. खरं काय? डेव्हिड लुइस या तत्त्वज्ञाने १९७८ मध्ये कथेतल्या सत्याचा हिशोब मांडला: कथा माहीत असलेली खरी घटना म्हणून सांगितली गेली असती तर आणखी काय काय खरं असतं, ते पाहायचं. त्या हिशोबाने बहिणीला दोन डोळे आहेत, ती श्वास घेते, हे न लिहिताही खरं. नखांपाशी हिशोब थांबतो, कारण दोन्ही तितकंच शक्य आहे.

मला तरी ती जागा रिकामीच आवडते. वाचक म्हणून मी तिथे उभा राहू शकतो.

---

दुसरं_वाचन

माझा पेच वेगळा. शेवट माहीत असलेली कादंबरी मी पुन्हा वाचतो आणि तरी छातीत धडधडतं. पत्र वेळेत पोचणार नाही हे मला ठाऊक असतं, तरी 'या वेळी पोचू दे' असं मनात येतं.

२०११ साली लेविट आणि क्रिस्टनफेल्ड यांनी लोकांना लघुकथांचा शेवट आधी सांगून मग कथा वाचायला दिल्या, तर आधी शेवट कळलेल्यांना त्या किंचित जास्तच आवडल्या. नंतरच्या काही प्रयोगांत उलट निकाल आले, म्हणजे वाद मिटलेला नाही. पण माझ्यापुरतं सांगतो: पहिल्या वाचनात 'पुढे काय' हा प्रश्न इतका जोरात असतो की वाक्यं ऐकू येत नाहीत. दुसऱ्या वाचनात पत्र लिहिणारीचा हात दिसतो, शाई वाळायची वाट बघत ती जरा जास्तच वेळ थांबते हे दिसतं. त्या थांबण्यामुळेच पत्र चुकतं. पहिल्यांदा वाचताना मी ते वाक्य ओलांडून गेलेलो असतो. उत्कंठा माहितीच्या अभावातून येते ही समजूत मला अपुरी वाटते. पात्राला माहीत नाही, एवढं तिला पुरतं.

---

पानगळ

दुसरं_वाचन, हे अगदी माझ्या मनातलं. लहान मुलं तीच गोष्ट रोज ऐकतात आणि रोज तिथेच घाबरतात.

मला आणखी एक विचारायचंय. गोष्टीत घोडा उडाला, झाडं बोलली, माणूस मरून परत आला तर आपण मुकाट्याने मान्य करतो. पण लेखकाने लिहिलं की 'तिने आपलं बाळ मारलं ते योग्यच केलं, कारण ती मुलगी होती', तर मी ते मानायला तयारच होत नाही. पात्राला तसं वाटतं हे मानेन, त्या जगातले सगळे तसं मानतात हेही मानेन. पण त्या जगात ते खरोखर योग्य आहे, हे नाही. सगळंच खोटं आहे तर इथेच का अडतं?

---

मीमांसक

हे उदाहरण तत्त्वज्ञानात नेहमी दिलं जातं आणि प्रश्न जुना आहे. ह्यूमने १७५७ च्या अभिरुचीवरच्या निबंधात त्याला वाट करून दिली: जुन्या काव्यातल्या चुकीच्या समजुती आपण सहज खपवून घेतो, पण विकृत नीती आपलीशी करता येत नाही. तामार गेंडलर यांनी २००० साली म्हटलं की इथे न जमण्यापेक्षा न करण्याचा भाग मोठा आहे. घोडा उडतो हे मानताना आपण कथेपुरतं मानतो. नैतिक निवाडा मात्र लेखक कथेतून बाहेर, आपल्या हातात देऊ पाहतोय असा वास येतो, आणि आपण हात मागे घेतो.

मला हे बरंचसं पटतं. काठावरचा, तुमच्या आक्षेपाचं थोडं उत्तर इथे आहे असं वाटतं. कथेत शिरताना वाचक सगळंच दाराबाहेर ठेवत नाही, नीती-अनीतीची चाड बरोबर नेतो.

---

काठावरचा

मान्य, नेतो. येताना काही घेऊन येतो का, हा माझा प्रश्न होता आणि तो अजून तिथेच आहे. पण 'आज नाही गेलं तर चालेल का' हा प्रसंग निळी_शाईंनी लिहिला तर मला जरूर वाचायचाय. तो फोन टाळणाऱ्या माझ्याबद्दल असेल.

---

पहिला_खर्डा

मी नुकतंच लिहायला लागलोय. माझ्या कथेत दोन मित्र वीस वर्षांनी अनोळखी शहरात एकाच बाकावर येऊन बसतात. हे माझ्या ओळखीच्या माणसाच्या बाबतीत खरोखर घडलंय. वाचून दाखवलं तर प्रत्येकाने 'हे काही पटत नाही' म्हटलं. उडणारा घोडा पटतो आणि घडलेली गोष्ट पटत नाही, हे कसं?

---

रानवाट

पहिला_खर्डा, अॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रात सांगून ठेवलंय: न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट बरी. 'पण हे खरं घडलंय' हा बचाव कथेत चालत नाही, कारण वाचकाने खरं-खोटं तपासायचं काम दारातच सोडलेलं असतं. तो एवढंच बघतो की हे आतून निघालं की लेखकाने वरून आणून ठेवलं.

बाकावरची भेट तुमच्या कथेत कुठे येते? शेवटी येत असेल आणि तिच्याने सगळा गुंता सुटत असेल, तर वाचकाला लेखकाचा हात दिसतो. तीच भेट पहिल्या पानावर आणून बघा. योगायोगाने अडचण उभी राहिली तर कुणी हरकत घेत नाही, सुटली तर घेतात. शिवाय त्या दोघांपैकी एकाला ती भेट नको असेल तर? मग तो उठून का जात नाही, हे लिहावं लागेल, आणि ते लिहिता लिहिता योगायोगाचा प्रश्नच मागे पडेल.

खर्डा इथे टाकलात तर मी वाचेन. आधीचा शेवटही ठेवा, काढू नका. दोन्ही शेजारी ठेवून बघू.